गरम झाली की बंद, गार झाली की चालू: जुन्या शंभर सीसी गाडीचा दोष रस्त्यावरच कसा पकडायचा

तक्रार बहुतेक एकाच शब्दांत येते. घरून निघताना गाडी एका किकमध्ये चालू होते. सोलापूरच्या सात रस्त्यावरून अक्कलकोटकडे निघालं की वीस-पंचवीस मिनिटं काही वाटत नाही, आणि वळसंगच्या आसपास दोन-तीन झटके देऊन बंद पडते. किक मारून पाय भरून येतो, पण गाडी दाद देत नाही. लिंबाच्या झाडाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा पहिल्या किकला चालू. गॅरेजला नेईपर्यंत इंजिन गार झालेलं असतं, त्यामुळे तिथे सगळं ठीक दिसतं. मग अंदाजाने प्लग बदलला जातो, कार्बोरेटर साफ होतो, पुढच्या वेळी कॉइल, त्याच्या पुढच्या वेळी सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). चार पार्ट नवे येतात आणि आठ दिवसांनी गाडी पुन्हा त्याच झाडाखाली.

हे लिखाण सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन अशा हवेने गार होणाऱ्या, किकच्या, कार्बोरेटर असलेल्या जुन्या गाड्यांसाठी आहे. इंजेक्शनच्या गाड्यांना यातलं फार थोडं लागू पडतं.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. हा दोष बहुतेक वेळा गरम इंजिनातच हजर असतो. गार झाल्यावर तपासायला काहीच उरत नाही. म्हणून गाडी बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं सगळ्यात मोलाची. त्या वेळात सावली शोधू नका, तपासा.

त्यासाठी सीटखाली किंवा डिकीत थोडं सामान कायम ठेवा: १६ नंबरचा प्लग पाना, चालू असल्याची खात्री असलेला एक जादा प्लग, एक स्क्रू ड्रायव्हर, पकड, दोन जाड फडकी आणि दोनशे मिलीची एक रिकामी पारदर्शक बाटली.

बंद कशी पडली ते आठवा

उतरण्याआधी एवढंच आठवायचं: ती मेली कशी? किल्ली फिरवल्यासारखी एकदम, कसलीही सूचना न देता बंद झाली, तर संशय करंटवर. आधी पिकअप पडला, झटके खाल्ले, चोक ओढल्यावर शे-दोनशे मीटर आणखी ओढली आणि मग थांबली, तर पेट्रोल पोचत नाही. हळूहळू दम जात गेला, चढावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागलं आणि शेवटी जागेवरची चाल धरेना, तर टॅपेटकडे, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीकडे, बघावं लागेल.

चौथी अवस्था वेगळी आहे. इंजिन जड झालं, मागचं चाक ओढल्यासारखं वाटलं आणि किक खाली जातच नाही. हे पिस्टन धरल्याचं, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकल्याचं लक्षण. इथे काहीही तपासू नका, किकवर उभं राहू नका. पूर्ण गार होऊ द्या, ऑइल बघा, आणि गाडी चालू झाली तरी न चालवता टेम्पोतून आणा.

पहिली पाच मिनिटं

सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. कान जवळ न्या. हवा आत खेचल्याचा ‘स्स्स’ आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. पेट्रोल खाली उतरतं तेवढीच हवा वरून आत यावी लागते. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल अडतं. मिनिटभर झाकण उघडं ठेवून पुन्हा लावा आणि किक मारा. चालू झाली तर दोष सापडला. पण आवाज बाहेरच्या बाजूने, फुसकन सुटल्यासारखाही येऊ शकतो. उन्हात टाकी तापली की आत दाब वाढतो. भोक बंद असल्याची खूण तीही आहे, मात्र त्या वेळी पेट्रोल अडण्याचं कारण दुसरीकडे शोधा.

झाकणाचा दोष ओळखायची आणखी एक खूण आहे. तो इंजिनच्या उष्णतेवर अवलंबून नसतो, किती पेट्रोल खाली गेलं यावर असतो. पहाटे गार हवेतही जवळपास तेवढ्याच किलोमीटरवर गाडी थांबते. टाकी फुल असताना लवकर थांबते, कारण वर हवेची जागा थोडी आणि पोकळी पटकन होते.

झाकणात काही नसेल तर कार्बोरेटरच्या तळाला असलेला ड्रेन स्क्रू दोन आटे सैल करा आणि त्याच्या नळीखाली बाटली धरा. पेट्रोलचा कॉक चालू ठेवा. आधी वाटीतलं साठलेलं पेट्रोल येईल. त्यानंतर धार सलग चालू राहिली पाहिजे. हिशोब सोपा आहे: ताशी ५० च्या वेगाने लिटरला ६० किलोमीटर धरले तर तासाला साधारण ८३० मिली, म्हणजे मिनिटाला १४ मिली पेट्रोल लागतं. ड्रेनमधून मिनिटाला शंभर मिली सहज यायला हवं. थेंब थेंब येत असेल, किंवा धार सुरू होऊन मंदावत असेल, तर अडथळा टाकीपासून फ्लोटच्या पिनपर्यंत (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी पिन) कुठेतरी आहे. बाटलीतलं पेट्रोल उजेडात धरून बघा. तळाशी वेगळा थर किंवा गढूळ गोळे दिसले तर पाणी आहे, तांबडा चुरा दिसला तर टाकी गंजते आहे. स्क्रू घट्ट करा, सांडलेलं फडक्याने पुसा आणि ते फडकं आणि बाटली झाकण लावून लांब ठेवा. पुढची तपासणी ठिणगीची आहे.

इथे बहुतेकांची एक चूक होते. तापलेल्या इंजिनातला प्लग खोलू नका. हेड, म्हणजे सिलेंडरचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग जोर लावून फिरवला तर आटे निघून येतात आणि मग हेडला आटा बसवून घ्यावा लागतो. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी पडते. त्यापेक्षा प्लग जागेवर राहू द्या, फक्त कॅप ओढून काढा, त्यात जादा प्लग घाला आणि त्याची लोखंडी बाजू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. रंग असलेल्या जागी टेकवलं तर ठिणगी येणार नाही आणि निदान चुकेल. प्लग हाताने धरू नका, कॅपवरून दुसऱ्या कोरड्या फडक्याने धरा. किल्ली चालू करून किक मारा.

आता बघायचं कसं? सोलापूरच्या दुपारच्या उन्हात ठिणगी दिसतच नाही. चांगली असली तरी दिसत नाही. टोपी किंवा रुमाल धरून प्लगवर अंधार करा आणि कान द्या. निरोगी ठिणगी निळसर पांढरी, जाड, आणि ‘टक टक’ असा कोरडा आवाज करते. बारीक, नारिंगी, कधी येते कधी नाही अशी ठिणगी म्हणजे करंट कमी आहे. एक बारकावा महत्त्वाचा: उघड्या हवेत ठिणगी उडणं सोपं असतं, सिलेंडरमध्ये दाबलेल्या हवेत अवघड. त्यामुळे बाहेर दिसलेली कमजोर ठिणगी आत विझते. म्हणून जादा प्लगऐवजी एखाद्या जुन्या प्लगची बाहेरची पट्टी वाकवून फट चार-पाच मिलिमीटर करून तो जवळ ठेवलात तर परीक्षा जास्त खरी होते. तेवढी फट ओलांडली तर करंट ठीक आहे.

झाकण, पेट्रोल, ठिणगी तिन्ही ठीक असतील तर शेवटी पायाला विचारा. किल्ली बंद करून किक सावकाश दाबा. गार गाडीला जो टणक रोध लागतो तो लागतो का? किक हवेत मारल्यासारखी हलकी गेली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

एवढं झालं की कागदावर लिहून ठेवा: किती किलोमीटर, टाकीत किती पेट्रोल, कशी बंद पडली, कोणती तपासणी नापास. गॅरेजला हाच कागद दाखवायचा.

झाकण आणि पेट्रोल

झाकणातलं भोक आतून आणि बाहेरून बारीक तारेने मोकळं करून तोंडाने फुंकून बघा, हवा आरपार गेली पाहिजे. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ दमट झाली की त्या भोकात घट्ट बसते. टाकीवर रेग्झीनचं कव्हर घातलेलं असेल तर त्याची पट्टी झाकणावर चिकटून बसत नाही ना तेही बघा. कव्हर घातल्यापासून तक्रार सुरू झाली असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

पेट्रोल अडण्याची कारणं क्रमाने तपासा. कॉकच्या आतली जाळी. नळी: जुनी असेल तर आतून फुगलेली, नवी असेल तर हलक्या प्रतीची, जी गरम झाल्यावर मऊ होऊन वळणावर दुमडते. नळी हेडला किंवा इंजिन गार करणाऱ्या धातूच्या पंखांना टेकता कामा नये. आणि नंतर बसवलेला प्लॅस्टिकचा फिल्टर. या गाड्यांत पंप नसतो, पेट्रोल फक्त उतारावर येतं. आडवा किंवा वर चढवून बसवलेल्या फिल्टरमध्ये उष्णतेने वाफेचा बुडबुडा धरतो आणि धार तुटते. शंका असेल तर तो काढून सरळ नळी जोडा आणि कॉकची जाळी नीट ठेवा. तेवढी पुरते.

इथेनॉलचं मिश्रण आता २० टक्क्यांपर्यंत गेलं आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे इथेनॉल कशापासून होतं ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. जुन्या गाडीच्या दृष्टीने त्याचे तीन परिणाम लक्षात ठेवा. ते हवेतलं पाणी धरून ठेवतं, आणि पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं. त्या इंधनासाठी न बनलेले जुने रबर, म्हणजे नळी, फ्लोट पिनचं टोक, ओ-रिंगा, फुगतात किंवा कडक होतात. आणि तेवढ्याच जेटमधून (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) इंजिनला मिश्रण थोडं पातळ, म्हणजे गरजेपेक्षा जास्त हवेचं, मिळतं, त्यामुळे इंजिन जास्त तापतं. पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी ड्रेन करून ठेवा. कार्बोरेटरचा एअर स्क्रू हलवण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती आटे बसले ते मोजून लिहा. जोराने आवळू नका, टोक खराब होतं.

कार्बोरेटर आणि हेड यांच्यामध्ये एक काळा, जाड, उष्णता अडवणारा तुकडा असतो, दोन्ही बाजूंना ओ-रिंग. दुरुस्तीत तो कधी कधी तडकलेला तसाच बसवला जातो, किंवा एक ओ-रिंग राहून जाते. मग हेडची उष्णता थेट कार्बोरेटरमध्ये उतरते आणि सांध्यातून हवाही ओढली जाते. गाडी स्लो चालू असताना त्या सांध्यावर साबणाचं पाणी थोडं थोडं सोडा. इंजिनचा आवाज बदलला तर हवा खेचतेय.

ठिणगी गेली असेल तर

बंद पडल्यावर ठिणगी नव्हती एवढं पक्कं झालं तरी लगेच सीडीआय घेऊ नका. स्वस्त आणि सोपं ते आधी.

प्लग कॅप वायरवर आट्यांनी बसलेली असते. ती फिरवून काढा, वायरचं टोक पाच मिलिमीटर कापा, तांब्याच्या तारा स्वच्छ दिसल्या की कॅप पुन्हा घट्ट फिरवा. रोधक असलेल्या कॅपचा रोध मल्टिमीटरवर साधारण ५ किलोओहम येतो. १०-१५ किलोओहम आला किंवा काहीच आला नाही तर बदला.

त्यानंतर किल्लीचं स्विच. ज्या जुन्या गाड्यांत बॅटरी काढून टाकली तरी किकने इंजिन चालू होतं, त्यांत सीडीआयला करंट मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक) कॉइलमधून मिळतो आणि किल्ली बंद केल्यावर एक वायर गाडीच्या फ्रेमला (अर्थला) जोडून इंजिन थांबवलं जातं. होंडा बनावटीच्या गाड्यांत ही वायर बहुधा काळी-पांढरी. स्विचमध्ये किंवा हँडलखाली, जिथे वायरिंग सतत वळतं, तिथे ती घासून फ्रेमला लागली की गाडी किल्ली फिरवल्यासारखी मरते. बंद पडलेल्या अवस्थेत ती वायर सीडीआयपासून सोडवा आणि ठिणगी बघा. आली तर कॉइल, सीडीआय सगळं निर्दोष. वायर सोडलेली असताना किल्लीने इंजिन बंद होणार नाही, चौथ्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडावा लागेल. म्हणून ही फक्त तपासणी, अशी गाडी वापरू नका. बॅटरीवर चालणाऱ्या सीडीआयला हे लागू नाही. तिथे सीडीआयपर्यंत बॅटरीचे १२ व्होल्ट पोचतात का ते मोजा, फ्यूज आणि त्याची पकड बघा.

आता खरा संशयित: मॅग्नेटमधली एक्सायटर कॉइल (सीडीआयला करंट देणारी) आणि पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी). मॅग्नेट कव्हरच्या आत इंजिनच्या उष्णतेत त्या वर्षानुवर्षं भाजतात. बारीक तारेवरचा लाखेचा थर तडकतो, तारेला कुठेतरी केसाएवढी चीर जाते. गार असताना चिरेची टोकं टेकलेली असतात, गरम झाल्यावर प्रसरण पावून सुटतात. म्हणून गार गाडीवर मीटर लावून काही कळत नाही.

मोजायचं दोनदा. मॅग्नेट उघडायची गरज नाही, कॉइलच्या वायरी वर ज्या सॉकेटमध्ये येतात तिथे सॉकेट सोडवून मोजा. सकाळी गार असताना आकडा लिहा. मग गाडी बंद पडल्यावर लगेच पुन्हा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे ३० अंशांना २०० ओहम दाखवणारी कॉइल १०० अंशांना अडीचशेच्या थोडी पुढे जाईल. ही वाढ नैसर्गिक आहे. आकडा दुप्पट झाला, नाचू लागला किंवा मीटर सर्किट तुटल्याचं दाखवू लागला, तर दोष तिथेच. आकडा एकदम खाली आला तर आतले वेढे एकमेकांना लागलेत.

कॉइल भरून, म्हणजे नव्याने तार गुंडाळून, घ्यायची असेल तर मोटारी भरणाऱ्याला सांगा की तार उष्णता सहन करणारीच हवी आणि लाख लावून भट्टीत सुकवून हवी. पंख्याच्या मोटारीच्या साध्या तारेने भरलेली कॉइल पुन्हा त्याच उष्णतेत जाते. मॅग्नेट काढायला पुलरच वापरा. हातोडीने ठोकलं की आतले चुंबक सुटतात किंवा तडकतात, आणि खर्च आणखी वाढतो.

वरची इग्निशन कॉइल आणि सीडीआय मीटरवर पक्के कळत नाहीत. दोन्ही मॅग्नेट कॉइल गरम असताना पास झाल्या, तरच त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा भाग लावून बघा. एका वेळी एकच. दोन एकत्र बदलले तर दोषी कोण ते कळत नाही.

टॅपेट

‘टॅपेटचा आवाज बंद करून द्या’ अशी मागणी असते, आणि मेकॅनिक ती पुरी करतो. इथेच दोष जन्माला येतो. व्हॉल्व्हचा दांडा गरम झाल्यावर लांबतो, त्यासाठीच फट ठेवलेली असते. फट शून्य असेल तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कंप्रेशन निसटतं, किक हलकी लागते. गार झाला की दांडा आखडतो आणि सगळं पूर्ववत. व्हॉल्व्हची सीट झिजतानाही फट कमीच होत जाते, त्यामुळे जुनं इंजिन शांत झालं म्हणून समाधान मानू नका. हलका, एकसारखा टिकटिक आवाज असायलाच हवा.

फट इंजिन गार असतानाच मोजतात. होंडाची मॅन्युअल गार म्हणजे ३५ अंशांखाली असं सांगतात. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी हवाच ४० च्या वर असते, तेव्हा रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सहाला घ्या. दोन्ही टॅपेट कव्हर आणि मॅग्नेट कव्हरवरची दोन टोपणं काढा. मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत ‘टी’ची खूण कव्हरच्या खाचेशी आणा. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बोटाने किंचित हलले पाहिजेत. एक घट्ट असेल तर पिस्टन चुकीच्या फेरीत आहे, आणखी एक पूर्ण फेरा द्या. फट आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे, या इंजिनांत बहुतेक ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान. फीलर गेजची पाती किंचित घासत सरकली पाहिजे, ओढावी लागता कामा नये. लॉकनट आवळताना फट बदलते, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजा. कव्हरच्या ओ-रिंगा चपटल्या असतील तर नव्या घाला, नाहीतर ऑइल गळून पंखांवर पसरतं आणि धूळ धरतं.

तापमानच जास्त असेल तर

ऑइल कमी, मागचा ब्रेक घासतोय, क्लच घसरतोय, ही तिन्ही कारणं पाच मिनिटांत तपासून होतात. डिपस्टिक पुसून परत आट्यात न फिरवता नुसती टेकवून बघायची. पंखांमधला वाळलेला चिखल मऊ ब्रशने काढा. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये गाडी लावणाऱ्यांनी आणखी एक बघावं: सुताचा बारीक कापूस ऑइल लागलेल्या पंखांवर आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी थर धरतो. महिन्यातून एकदा काढा.

दुरुस्ती झाली की खात्री करायची पद्धत अशी. टाकी फुल करा, दुपारी दोनच्या सुमाराला त्याच रस्त्यावर पंचवीस किलोमीटर न थांबता जा. तिथे इंजिन बंद करून दहा मिनिटं उन्हातच उभी करा. वारा थांबल्यावर कार्बोरेटर आणि कॉइल यांचं तापमान आणखी चढतं, त्यामुळे हीच सगळ्यात कठीण वेळ. चोक न ओढता पहिल्या-दुसऱ्या किकला चालू झाली पाहिजे. नाही झाली तर बाटली आणि जादा प्लग बरोबर आहेच, झाकणापासून पुन्हा सुरुवात करा. जुन्या गाडीत दोन दोष एकाच वेळी असणं नवल नाही.